आधी वाट बंद करा

"पाठक कुठं आहेत?" सबनीससाहेबांनी विचारलं.

"रजेवर आहेत साहेब. मुलीच्या सोयरिकीसाठी नागपूरला गेलेत," मी दारातूनच सांगितलं.

"मग नकाशा तुम्ही आणा. आणि इथंच थांबा."

मी पिंपळझरीच्या कोळसा खाणीत ट्रेसर होते. सर्वेक्षण विभागातले नकाशे शाईनं कापडावर उतरवून काढायचे, हे माझं काम. खाणीतली एकूण एक गल्ली माझ्या हाताखालून गेली होती, पण खाण मी आतून कधी पाहिली नव्हती. बायकांना खाली उतरायची परवानगी नव्हती. माझ्यासाठी खाण म्हणजे काळ्या, निळ्या आणि तांबड्या रेघा.

मोठा नकाशा टेबलावर मावत नव्हता. त्याची टोकं खाली लोंबत होती. मी एक कड पेपरवेटखाली दाबली आणि दुसरी हातानं धरून उभी राहिले. टेबलाभोवती चौघं होते. व्यवस्थापक सबनीससाहेब, हवेचं खातं सांभाळणारा तरुण अधिकारी गोहोकर, बचाव पथकाचे वासुदेव मत्ते आणि युनियनचे देवाजी उरकुडे. मत्ते नुकतेच वर आले होते. त्यांच्या काळ्या चेहऱ्यावर मास्कच्या पट्ट्यांचे पांढरे माग होते.

पहाटपाळीला सातव्या भागात आग लागली होती. कोळसा कोपऱ्यात साठून राहिला की आतल्या आत तापतो आणि एक दिवस पेट घेतो. तसंच झालं होतं. पाळीची सगळी माणसं धावत बाहेर आली, पण भागाच्या पार शेवटच्या टोकाला काम करणारी तिघं आतच राहिली. सरदार, म्हणजे टोळीचे मुकादम, डोमाजी आत्राम, आणि त्यांच्या हाताखालचे भाऊराव वाढई आणि किसन ठेंगणे. त्यांच्या आणि बाहेरच्या वाटेच्या मध्ये आग होती. सकाळी पाण्याच्या पाइपावर ठोके ऐकू येत होते. ती तिघं जिवंत असल्याची तेवढीच खूण होती.

"तिसऱ्यांदा पोरं पाठवू शकत नाही साहेब," मत्ते म्हणाले. "पुढं हात दिसत नाही, अन् गरम असं की रबर तोंडाले चिकटून राहिलं."

"ठोके?"

"बंद झाले."

"कधीपासून?"

"झाला बराच वेळ."

गोहोकरनं खिशातून कागद काढला, त्यावरचे आकडे न वाचताच म्हणाला, "वायू चढतोय साहेब. असाच चढत राहिला तर संध्याकाळच्या आत स्फोट होईल. मग सातवा भागच नाही, सगळंच जाईल."

अशा आगीवर पुस्तकात एकच उपाय सांगितलेला असतो. दोन्हीकडून वाट पक्की बंद करायची आणि आगीची हवा तोडायची. खोलीतल्या प्रत्येकाला तो ठाऊक होता. कोणीही तो उच्चारला नाही, कारण आत माणसं होती.

त्या खोलीत मी त्याआधीही पुष्कळदा बसले होते. सबनीससाहेब वर्षभरापूर्वी कसल्याशा प्रशिक्षणाला जाऊन आले, तेव्हापासून दर सोमवारी 'सूचना सभा' असायची. सगळ्या खात्यांतली माणसं बोलवायची, फळा ठेवायचा, आणि ज्याला जे सुचेल ते त्यानं मोकळेपणी सांगायचं. नियम दोनच होते. कोणाच्या सूचनेला हसायचं नाही आणि कोणाला मध्येच तोडायचं नाही. साहेब मनापासून करायचे, पण व्हायचं असं, की सगळे साहेबांच्या तोंडाकडं बघत बसायचे. कोणीतरी सुचवायचं, कॅन्टीनमध्ये पंखा लावावा. ते फळ्यावर लिहिलं जायचं. मग दुसरा सुचवायचा, पंखा दोन लावावेत. चहा यायचा आणि सभा संपायची. उरकुडे तर त्या सभेत वर्षभरात एकदाही तोंड उघडून काही बोलले नव्हते.

त्या दिवशी फळा भिंतीला टेकवून ठेवलेला होता. त्याच्याकडं कोणी बघितलंसुद्धा नाही.

"खाणीचा हवेचा पंखा उलटा फिरवला तर?" गोहोकर म्हणाला. "धूर वळेल."

"वळून जाईल कुठं? त्याइच्याच तोंडावर," मत्ते म्हणाले.

"वरून भोक पाडून हवा सोडली तर?" साहेब म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. "यंत्र यायलाच परवा उजाडेल."

फाटकाशी जमलेल्या माणसांचा आवाज खिडकीतून येत होता. रडण्याचा नव्हता, नुसता बोलण्याचा होता, आणि तोच जास्त ऐकवत नव्हता.

उरकुडे एकाएकी उठले. "मंग पाणी सोडा ना! बाजूच्या जुन्या खाणीत एवढं पाणी भरून हाय. दर पावसाळ्यात आमाले त्याचं भेव दाखवता. आता सोडा! तुमाले माणसं काढाचीच नाही तं बुडवून टाका एकदाचे!"

ती सूचना नव्हती. तो राग होता. साहेबांनी खाली बघितलं. मत्तेंनी डोळे मिटले. गोहोकर मात्र नकाशाकडं बघत होता.

"ती पूर्ण भरली आहे का?" त्यानं विचारलं.

"कोण?"

"जुनी खाण."

सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. सर्वेक्षण विभागाचे प्रमुख पाठकसाहेब असते तर त्यांच्याकडं बघितलं असतं. जुनी खाण इंग्रजांच्या काळातली होती, कधीची बंद पडलेली. आमच्या नकाशावर तिची नुसती कड निळ्या रेघेनं काढलेली होती.

"पाणी खालच्या अंगाला आहे," मी म्हणाले. "वरचा भाग..."

मी थांबले. सभेत बोलायची मला सवय नव्हती.

"वरचा भाग काय?" मत्तेंनी विचारलं.

"चढाचा आहे. पाणी तिथवर नसेल." मी निळ्या रेघेशी बोट ठेवलं.

"नसेल का नाही?" साहेबांनी विचारलं.

"नसेल, साहेब. पाण्याची पातळी बऱ्याच वर्षांपूर्वी टिपलेली आहे."

मत्तेंनी काळं बोट नकाशावर ठेवलं. त्या जागी कोळशाचा ठसा उमटला. "अन् आमचे हितं असतील. पळाले असतील तं धुराच्या उलटे, हितंच."

त्यांच्या आणि माझ्या बोटांमध्ये वीतभर अंतर उरलं होतं.

"मधी काय हाय?"

"कोळशाची भिंत. दोन खाणींच्या मधली, कायद्यानं सोडलेली."

"जाड?"

"इथं जाड आहे. इथं..." मी बोट सरकवलं. "ही रेघ तुटक आहे. जुन्या लोकांनी इथून एक गल्ली पुढं नेली असावी. ती कोणी मोजलेली नाही."

"म्हणजे भिंत पातळ?" गोहोकर म्हणाला.

"असेलही, नसेलही."

त्यानंतर जे झालं ते मी पुढं कितीतरी वेळा आठवून पाहिलं, पण कोण काय म्हणालं ते मला कधीच पूर्ण लावता आलं नाही. गोहोकर म्हणाला, जुन्या खाणीच्या तोंडातून उतरता आलं तर. साहेब म्हणाले, तोंड बुजलेलं आहे. उरकुडे म्हणाले, बुजलं कुठं, झाडोरा माजला हाय नुसता, माणसं लावली तं दुपारच्या आत मोकळं होते, माणसं मी देतो. मत्ते म्हणाले, वरचा भाग कोरडा असन तं पोरं चालत जातील. भिंतीपर्यंत, गोहोकर म्हणाला. आधी बारीक भोक, कोणीतरी म्हणालं. वायू बघायला. मंग मोठं. सुरुंग नाही लावायचा. नाही नाही, सब्बल, लोखंडी पहार. एकाचं वाक्य दुसरा उचलत होता, दुसऱ्याचं तिसरा तोडत होता. कोणी कोणाकडं बघत नव्हतं, सगळे नकाशाकडं बघत होते. उरकुडे आणि साहेब यांची डोकी जवळजवळ एकमेकांना लागत होती. वर्षभर ज्या सभेतून पंख्यापलीकडं काही निघालं नव्हतं, तिथं माझ्या डोळ्यांदेखत वाट तयार होत होती. मला, खरं सांगते, त्या क्षणी आनंद झाला होता.

"पण भिंत फुटली की..." गोहोकर म्हणाला आणि थांबला.

"हाव," मत्ते म्हणाले.

"तिकडची ताजी हवा आत जाणार."

"सरळ आगीवर."

"मग आधी..."

"हाव. आधी ते..."

साहेब खुर्चीत मागं टेकले. मला कळलं होतं. मला वाटतं, उरकुडेंनाही कळलं होतं.

"काय आधी?" त्यांनी विचारलं. "आधी काय? बोला ना सरळ!"

गोहोकरनं हातातल्या कागदाची घडी घातली.

"गोहोकर, तू बोल. मत्तेभाऊ, तुमी बोला. अर्धं काहून बोलता?"

"बसा उरकुडे," साहेब म्हणाले.

"नाही बसत."

"मग उभे राहून ऐका. मी पूर्ण बोलतो." साहेबांचा आवाज नेहमीसारखाच होता. "आधी सातव्या भागाच्या दोन्ही वाटा बंद करायच्या. वाळूच्या पोत्यांनी, पक्क्या. आगीची हवा तोडायची. त्या वेळी आपली तीन माणसं आत असतील. ती जिवंत असली तर आत उरेल तेवढ्याच हवेवर त्यांना निभवावं लागेल, आणि त्यातलीही आगच आधी खाईल. मग जुन्या खाणीतून भिंत फोडायची. भिंत पातळ निघाली तर ती वाचतील. जाड निघाली तर आपण त्यांना आपल्या हातांनी कोंडून मारलं, असं होईल."

उरकुडेंनी विचारलं, "अन् नाही केलं तं?"

"तर स्फोट," गोहोकर म्हणाला. "ती तिघंही जातील आणि काढायला गेलेलेही."

"मला हे सगळ्यांच्या तोंडून ऐकायचं आहे," साहेब म्हणाले. "मत्ते?"

"हाव."

"गोहोकर?"

त्यानं मान हलवली.

"तोंडानं."

"हो साहेब."

उरकुडे खिडकीकडं तोंड करून उभे होते. फाटक तिथून दिसत होतं. "डोमा माह्या लग्नात नाचला होता," ते म्हणाले. कोणाला उद्देशून म्हणाले ते कळलं नाही. मग तसेच, मागं न वळता म्हणाले, "करा."

साहेब माझ्याकडं वळले. "ढवसबाई?"

"मी ट्रेसर आहे साहेब."

"तुमचं बोट नकाशावर आहे," ते म्हणाले.

मी बघितलं. बोट खरंच तिथंच होतं, तुटक रेघेवर.

"हो," मी म्हणाले.

वाटा बंद करायचं काम जेवणवेळेच्या आत उरकलं. उरकुडेंनी शब्दाप्रमाणे माणसं आणली, जुन्या खाणीचं तोंड मोकळं झालं. मी नकाशाचा तेवढा तुकडा कागदावर उतरवून मत्तेंच्या हातात दिला आणि बाहेर आले. डोमाजी आत्रामची बायको सोमाबाई कार्यालयाच्या भिंतीला टेकून बसली होती. दोन लहान पोरी तिच्या मांडीवर झोपल्या होत्या, मुलगा शेजारी बसला होता. तिनं मला कार्यालयातून येताना पाहिलं होतं.

"काय ठरलं बाई?"

"दुसऱ्या बाजूनं काढताहेत," मी सांगितलं. ते खरं होतं. त्याच्या आधीचं मी सांगितलं नाही.

भिंत पातळ नव्हती. मनात धरली त्याहून बरीच जाड निघाली. मत्तेंची पोरं आळीपाळीनं सब्बल चालवत होती. ऊन उतरायला लागलं तेव्हा पलीकडून हवा लागली. पहिला किसन बाहेर आला, त्याला उचलून आणलं. मग भाऊराव, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून. डोमाजीला घोंगडीत गुंडाळून आणलं. ते गेले होते.

भाऊरावनं दवाखान्यात सगळं सांगितलं. सकाळभर तिघं तोंडाला ओली फडकी बांधून पडले होते. धूर इतका आत येत होता, की आता आपण उरत नाही असं त्यांनी धरलंच होतं. पाइपावर ठोकायलाही कोणात त्राण राहिलं नाही. मग धूर यायचा एकदम थांबला. त्यांना वाटलं, आग विझली. पण थोड्या वेळानं हवा जड व्हायला लागली. श्वास घेतला तरी घेतल्यासारखा वाटेना. डोमाजी मोठे होते, दम्याचेही होते. भिंतीच्या पलीकडून सब्बलीचा आवाज यायला लागला तेव्हा ते शुद्धीवर होते. "आले रे आपले," असं म्हणाले. त्यानंतर बोलले नाहीत.

म्हणजे ज्या बंदीनं धूर थांबून दोघं वाचले, त्याच बंदीनं हवा संपून तिसरा गेला. डॉक्टरांना विचारलं, तर ते म्हणाले, धुरानं गेला असंही म्हणता येईल, हवा संपल्यानं गेला असंही म्हणता येईल.

महिनाभरानं मुख्य कार्यालयातून विचारणा आली. पिंपळझरीच्या बचावकार्याचं फार कौतुक झालं होतं. जुन्या खाणीतून माणसं काढायची मूळ कल्पना कोणाची होती, त्याचं नाव कळवावं, त्याचा गौरव करायचा आहे. गोहोकरचं नाव गेलं. त्याचं कोणाला वाईट वाटलं नाही. तो मात्र माझ्या टेबलाशी येऊन म्हणाला, "बाई, मी फक्त पाणी भरलंय का एवढंच विचारलं हो." पुढं त्याला बढती मिळाली आणि तो दुसरीकडं गेला.

त्यानंतर चौकशी आली. ती डोमाजीच्या मृत्यूची होती. नागपूरहून आलेले अधिकारी क्लबच्या हॉलमध्ये बसले. माणसं आत असताना वाट बंद करायची कल्पना कोणाची, हा त्यांचा प्रश्न होता. गोहोकर म्हणाला, चर्चेतून निघाली. मत्ते म्हणाले, सगळ्याइले पटली. उरकुडे म्हणाले, साहेब लोकांनी ठरवली. मला बोलावलं, तेव्हा मी पहिल्यापासून सांगायला लागले. उरकुडे रागानं पाण्याविषयी बोलले, गोहोकरनं नकाशाकडं बघितलं, मत्तेंनी बोट ठेवलं, मी म्हणाले रेघ तुटक आहे.

"बाई," अधिकाऱ्यांनी मला थांबवलं, "मला गोष्ट नको. नाव हवं."

"नाव एक नाही साहेब."

"कल्पना कोणाच्या तरी एकाच डोक्यातून निघते."

"त्या दिवशी तसं झालं नाही."

"वाक्य पहिल्यांदा पूर्ण कोणी उच्चारलं?"

मी उत्तर द्यायच्या आत सबनीससाहेब खुर्चीवरून उठले. "माझी कल्पना. लिहून घ्या," ते म्हणाले. अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं आणि मला जायला सांगितलं. साहेबांची बदली झाली, बढती कायमची थांबली. ते गेले त्या दिवशी त्यांना निरोप द्यायला मी आणि मत्ते एवढेच होतो. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हणाले, "साहेब, तुम्ही एकट्यानं घ्यायला नको होतं." ते म्हणाले, "कोणीतरी घेतल्याशिवाय ते चौकशीवाले उठणार नव्हते, बाई." आणि गाडीत बसले.

सोमाबाई त्या हॉलमध्ये मागं बसून होती, ते मी पाहिलं नव्हतं. साहेब गेल्यावर आठवड्याभरानं ती माझ्या घरी आली. माझे यजमान शाळेत गेले होते. ती उंबऱ्याच्या आत आली, पण बसली नाही.

"तुमी तिथं सांगत होत्या ते मले पूर्ण सांगा," ती म्हणाली.

"साहेबांनी सांगितलं ना."

"साहेबानं लय पटकन सांगितलं. एवढ्या पटकन कोणी खरं नाही सांगत."

मी तिला सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. भिंतीला टेकून बसली होती तेव्हा मी अर्धंच सांगितलं होतं, हेही सांगितलं. मी थांबले तेव्हा तिनं विचारलं, "म्हणजे कोणाची होती?"

"सगळ्यांची."

"सगळ्याइची म्हणजे कोणाचीच नाही बाई." ती चिडलेली नव्हती, थकलेली होती. "माणूस धुरानं मेला का हवेनं मेला, डाक्टर सांगत नाही. कोणं मारला, तुमी सांगत नाही. मी रातभर पडून राहतो अन् मले कोणाचा राग कराव तेच समजत नाही. सबनीस गेला, तो मले पुन्हा दिसणार नाही. उरकुडे येते अन् माह्यासमोर रडते, त्याच्यावर कसा राग करू? मले एक तोंड पाहिजे. समोर दिसन असं."

मी तिच्याकडं बघत उभी राहिले. माझ्या डोक्यात काही मोठा विचार आला नाही. तिला जे हवं होतं ते देता येण्यासारखं माझ्याकडं होतं, एवढंच समजलं.

"माझं धरा," मी म्हणाले. "मी हो म्हणाले होते. भिंत पातळ असेल, हे मीच म्हणाले होते."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, एखादी वस्तू घ्यावी की न घ्यावी असं बघतात तसं. मग "बरं" म्हणाली आणि निघून गेली.

डोमाजीच्या जागी तिला नोकरी मिळाली. बायकांना खाली पाठवत नसल्यामुळं ती आमच्याच कार्यालयात शिपाई म्हणून लागली. माझ्या टेबलापासून तिचं स्टूल हाकेच्या अंतरावर होतं. ती सगळ्यांशी बोलायची, हसायची, नव्या साहेबाची नक्कलसुद्धा करायची. माझ्याशी एक शब्द बोलायची नाही. फाइल आणायची, टेबलाच्या कडेला टाकायची, जायची. संक्रांतीला सगळ्यांना तिळगूळ द्यायची, मला वगळून. माणसं मला विचारायची, तुमचं काय झालं हो? मी म्हणायचे, काही नाही. यजमान म्हणायचे, बदली मागून घे. मी मागितली नाही.

आमची पिंपळझरी हळूहळू म्हातारी झाली. कोळसा संपत आला, माणसं कमी झाली. सोमाबाईच्या पोरी शिकल्या, त्यांची लग्नं झाली. दोन्ही लग्नांत अख्खं कार्यालय जेवून आलं, मला बोलावणं नव्हतं. मग माझे यजमान गेले, हृदयविकारानं, शाळेतच. दुसऱ्या दिवशी सकाळी दार ढकलून सोमाबाई आत आली. तिनं चूल पेटवली, भात टाकला, भांडी घासली, माझ्या मुलीला जेवायला घातलं. पाहुणे होते तोवर रोज आली. एवढ्या दिवसांत ती माझ्याशी बोलली नाही. कार्यालयात मी परत रुजू झाले तेव्हा तिनं फाइल पूर्वीसारखीच टेबलाच्या कडेला टाकली.

ती माझ्याआधी दोन वर्षं निवृत्त झाली. निरोपाच्या कार्यक्रमात हार, नारळ, भाषणं, सगळं झालं. मी मागं उभी होते. माणसं पांगल्यावर मी माझ्या टेबलाशी आले, तर ती तिथं उभी होती.

"बाई," ती म्हणाली.

एवढ्या वर्षांनी तिचा आवाज माझ्या दिशेनं आला, तेव्हा मला आधी मागं वळून बघावंसं वाटलं, ती दुसऱ्या कोणाशी बोलते आहे का म्हणून.

"आता सोडतो," ती म्हणाली. बायका आमच्याकडं करतो, जातो, असंच बोलतात.

"काय?"

"तुमच्यावरचा राग." तिनं हारातलं एक फूल तोडून चुरगळलं. "तेव्हा घरी तीन लेकरं होती. सकाळी उठाले काहीतरी लागत होतं. तुमाले पाहिलं की अंगात जोर येत होता. मनात म्हणो, हिच्यासमोर पडाचं नाही. आता पोरगं लागलं नोकरीले, पोरी आपापल्या घरी सुखात हायेत. आता काही जरूर नाही."

"सोमाबाई, मी..."

"नका बोलू काही. तुमी एकट्या नव्हत्या, ते मले त्या दिवशीच समजलं होतं. मी काय येडी हाय?" ती किंचित हसली. "पण तुमी देलं, म्हून मी घेतलं."

ती पिशवी उचलून निघाली. फाटकाबाहेर तिचा मुलगा मोटारसायकलवर थांबला होता. ती मागं बसली, पदर खोचला, आणि दोघं गेले.

मला हलकं वाटायला हवं होतं. चालत घरी आले, दार लावलं आणि खाटेवर बसले. इतकी वर्षं त्या दिवशीच्या 'हो'चा जाब मी रोज तिला देत आले होते, तिच्या पाठमोऱ्या चालण्याला, कडेला टाकलेल्या फायलींना. म्हणून तो स्वतःला द्यायची वेळ माझ्यावर आली नव्हती. आता विचारणारी गेली होती.

मी डोमाजी आत्राम डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न केला. काही येईना. उंच होते की बुटके, मिशा होत्या की नव्हत्या. बराच वेळ आठवत बसले, आणि मग माझ्या ध्यानात आलं, की मी त्यांना कधी पाहिलंच नव्हतं. वर आणलं तेव्हाही घोंगडी तोंडावर होती.